नानांची सलामी

सायखेडा, ९ जानेवारी

प्रिय ललितभाऊजी,

द्राक्षांच्या पेटीत तळाशी कागद सापडला म्हणून दचकू नका. मी हर्षाली, तुमची वहिनी. तुमचे फोन तिकडे जमा करून घेतलेत, पण फळांची पेटी गेटवर तपासून आत पाठवतात असं कळलं. तुमचे दादा तिथे चांगले ताटकळले. पहारेकऱ्याने हे पत्र आधी वाचलं असेल तर त्यालाही आमचा नमस्कार सांगा. पेटीतला एखादा घड कमी भरला तर तो त्यानेच खाल्ला असं समजते.

लढाई लागली त्या आठवड्यात तुमच्या बायकोचा, स्वानंदीचा, एका ओळीचा मेसेज आला, ‘ललितला ओझरला आणलंय, फोन लागणार नाही.’ तिनं तेवढं तरी कळवलं. आमच्याशी बोलायची तिची इच्छा नसणार, आणि का नसणार तेही मला ठाऊक आहे. सगळा देश फिरून शेवटी तुम्ही घरापासून अर्ध्या तासावर येऊन बसलात आणि घरी यायची सोय नाही, याला काय म्हणावं.

नानांना सांगितलं तेव्हा ते गोठ्यात होते. म्हणाले, “कोन ललित?” आणि म्हशीपुढे पेंड ओतायला लागले. पाटी रिकामी झाली तरी ओततच होते. मग पाठमोरेच म्हणाले, “कंच्या बाजूनं उतरत्यात ती इमानं?” मी म्हटलं, नदीवरून येतात, आपल्या डोक्यावरून. तेव्हापासून धारा काढून झाल्या की त्यांचं गच्चीवर काम निघतं. टाकीचं झाकण बघायचं असतं. रोज बघायचं असतं.

आईंच्या दहाव्याला तुम्ही आला नाहीत त्याला आता तीन वर्षं होतील. रजा मिळाली नाही हे मला पटलं, तुमच्या दादांना पटलं. नानांना पटलं नाही, कारण कावळ्याला पटलं नव्हतं. घाटावर पिंड ठेवून ऊन डोक्यावर आलं, कावळा काही शिवला नाही, आणि शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. “तिचा जीव धाकट्यात आडकला व्हता,” असं म्हणून नाना उठले आणि घाटावरूनच तुम्हाला फोन लावला. ते काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला पाठ असेल.

पण माणूस टाकीचं झाकण रोज बघत नाही, भाऊजी. एवढं कळवायलाच लिहिलं. द्राक्षं धुऊन खा, फवारणी झालीये.

तुमची वहिनी,
हर्षाली


सायखेडा, १८ जानेवारी

प्रिय ललितभाऊजी,

गेटवरून रिकामी पेटी परत आली, आत तुमची चिठ्ठी. ‘वहिनी, गोड आहेत.’ तीन वर्षांनी दोन शब्द. पुढच्या वेळी चार लिहिलेत तरी चालतील.

गावाला तालुक्याहून पत्रक आलं. रात्री दिवे झाका, शेतात जाळ नको, ड्रोन नको, फटाके नकोत. मंदिरात सगळ्यांना बोलावून मला वाचायला लावलं. ‘दिवे झाका’ ऐकल्याबरोबर सगळ्यांना सगळं कळलं, शत्रूला वरून दिसायला नको. मग अर्धे लोक उठून गेले. फटाक्यांचं कारण वेगळं होतं ते खाली बारीक अक्षरात होतं, आवाजाने नदीवरची पाखरं उठतात आणि उतरणाऱ्या विमानाच्या आडवी येतात. तोवर ऐकायला दोन म्हाताऱ्या आणि पुजारी उरले होते. नानाही गेले होते. लंकाआत्यांच्या नातीचं, मीनाचं, लग्न होतं, मांडव बघायचा होता.

पण पत्रक पाळावं ते नानांनी. लग्नात नवरदेवाकडच्या पोरांनी दहा हजार फटाक्यांची माळ आणली होती. नाना तंटामुक्तीचे अध्यक्ष, भर मांडवात ती काढून घेतली. पोरं कुरकुरली तर म्हणाले, “लढाई सरंल तव्हा लावा. नवरी कुटं पळून नाय चालली.” माळ आता आपल्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये खुंटीला आहे, गुंडाळलेल्या लाल सतरंजीएवढी. तिच्याकडे बघितलं की मला उगाच बरं वाटत नाही. बाईमाणसाची भीती म्हणून हसा.

थंडी अशी पडली की पहाटे पाण्याच्या नळीत बर्फाच्या काचा होतात. दरवर्षी बागेत शेकोट्या पेटवून मणी वाचवतो. यंदा नाना पेटवू देईनात. तुमचे दादा चिडले, घड तडकायला लागलेत म्हणाले. तर नाना म्हणतात, “पोरगं वर हाय आन् खाली म्या जाळ करू?”

‘पोरगं’ म्हणाले. मी आणि तुमचे दादा एकमेकांकडे बघत राहिलो. मग नाना काहीच झालं नाही अशा तोऱ्यात चहा मागायला लागले.

रात्री ओझरच्या बाजूने भोंगा होतो तेव्हा गावातली कुत्री रडतात. ते थांबलं की जास्त भीती वाटते. जपून असा.

हर्षाली


सायखेडा, २९ जानेवारी

प्रिय ललितभाऊजी,

तुमची मोठी चिठ्ठी पोचली. ‘एखाद्या सकाळी परत येताना घरावरून जाईन, पंख हलवीन, नानांना सांगा नाहीतर नका सांगू.’ तुम्हाला असं कळवायला परवानगी आहे का? नसेल तर हे पत्र खाऊन टाका.

मी सांगितलं. नाना ताक पीत होते. तांब्या खाली ठेवला, मिशी पुसली, म्हणाले, “हालवू दे की. आपल्याला काय.” दुपारी बघते तर पेटीतलं ठेवणीतलं धोतर काढून स्वतःच्या हाताने नीळ घालताहेत. या माणसाला स्वतःचा पेला विसळताना मी बघितलेला नाही.

संध्याकाळी ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ द्राक्षांचा भाव, व्यापारी कसा लबाड, असं चाललं. मग विचारलं, “एवढ्या वरनं खालचं मानूस दिसत आसंल का?” मी म्हटलं, काय माहीत, पांढरं घातलं तर दिसत असेल. थोड्या वेळाने परत तेच. जेवताना परत तेच. तेव्हा एकदा तुम्हीच कळवून टाका, म्हणजे माझी सुटका होईल.

एक गोष्ट तुम्हाला बहुतेक माहीत नाही. फौजेतून पोर पहिल्यांदा घरी आलं की वेशीवर माळ लागते ही इथली रीत. तुम्ही पायलट झालात तेव्हा आईंनी हौसेने माळ आणून ठेवली होती. तुम्ही परस्पर पोस्टिंगला गेलात, मग लग्न तिकडेच केलंत, मग आई आजारी पडल्या. ती माळ माळ्यावर सादळून गेली. नानांनी ती कुठे टाकली माहीत नाही, पण ते विसरलेले नाहीत. काल मला म्हणाले, “आर्चनाबाईचं पोरगं फौजेत नुसतं कारकून हाय, तरी त्याला माळ लागली. आपल्या पोराला वेशीवर कोनी पान्याचा तांब्या नाय वोवाळला.”

म्हणजे बघा, रागाच्या तळाशी काय निघालं.

हर्षाली


सायखेडा, ३ फेब्रुवारी

प्रिय ललितभाऊजी,

तुमचं उत्तर नानांना वाचून दाखवलं. ‘माणूस दिसत नाही. नदी दिसते, पूल दिसतो, आणि कुठे धूर असेल तर तो लगेच दिसतो.’

“परत वाच,” म्हणाले. मी परत वाचलं. “धूर दिसतो,” असं स्वतःशी म्हणाले आणि उठून गेले. मला वाटलं हिरमुसले. पांढरं धोतर फुकट गेलं ना.

आता जाळ करायला तर बंदी आहे, तेव्हा तुम्हीच अंदाजाने ओळखा. पाण्याची निळी टाकी, तिच्या शेजारी जे काही उभं असेल ते नाना. या आठवड्यात माझा खुडा चालू आहे, मी बागेत असेन, पण मान वर करून बघेन.

इथली पाखरं तुमच्या आवाजाला सरावलीत. पहिल्या दिवशी केवढी गडबड उडाली होती. आता विमान अगदी डोक्यावरून गेलं तरी बदकं पाण्यावर तशीच बसून असतात. यंदा भोरड्याही फार आहेत, ज्वारीवर उतरल्या की कणसासकट ताट काळं पडतं. काल पलीकडच्या शेतात कुणीतरी राखणीला पत्र्याचा डबा बडवला, तर ज्वारीतून आणि नदीवरून सगळं एकदम वर उठलं. ऊन झाकलं गेलं इतकं. मी कात्री हातात धरून उभीच राहिले.

तुम्ही आलात की पुरणपोळी करते. नाना नको म्हणणार नाहीत आता.

हर्षाली


सायखेडा, ८ फेब्रुवारी

प्रिय स्वानंदी,

काल घाटावरून तू परस्पर गाडीत बसलीस, धड बोलता आलं नाही. आमचा फोन तू उचलत नाहीस, उचलावास असं मी म्हणणारही नाही. म्हणून लिहिते.

तू त्या सगळ्या लष्करी गर्दीत एकटी उभी होतीस आणि मी तुझ्याजवळ यायला इतका वेळ लावला, याची मला लाज वाटते. पेटी बंद होती. नाना म्हणाले उघडा, मग एक अधिकारी त्यांच्या कानाशी काही बोलला आणि नानांनी परत म्हटलं नाही. तू ते बघितलंस. तू रडली नाहीस, नानाही रडले नाहीत. मी मात्र दोघांच्या वाटचं रडले.

पेपरात आलंय की गाव वाचवायला ललितभाऊजींनी विमानातून उडी मारली नाही. विमान पूल ओलांडून पलीकडच्या उसात गेलं, गावातल्या एका पत्र्यालाही धक्का लागला नाही, हे खरं आहे. गावात काही जण म्हणतात शत्रूनेच पाडलं, सरकार लपवतंय. त्यांना तसं म्हणू दे.

तू जाताना मला विचारलंस, “शेवटी त्याला काय दिसलं असेल?” मी म्हटलं, घर दिसलं असेल. तू माझा हात दाबलास. तो हात मला अजून जड लागतो.

दोन अधिकारी गावात दोनदा येऊन गेले. इंजिनात पाखरं गेली हे त्यांना समजलंय. पाखरं रोजच असतात, त्या सकाळी एवढी एकदम का उठली, कुणी काही ऐकलं का, असं घरोघर विचारत होते. कुणी काही ऐकलं नाही. लंकाआत्यांना चार घरांपलीकडची कुजबुज ऐकू येते, त्याही म्हणाल्या, “मला म्हातारीला कुटं आयकू येतंय, बाबा.” मी म्हटलं, मी बागेत होते. तेवढं खरं आहे.

अंगण दोनदा झाडते तरी लाल कागदाचे तुकडे निघतच राहतात. तुळशीच्या कुंडीत, बैलगाडीच्या चाकाखाली, गच्चीच्या पन्हाळीत. त्यातल्या एका अधिकाऱ्याने एक तुकडा उचलून बघितला. मी म्हटलं, घरचं लग्न झालं साहेब, त्यातला असेल. त्याने तो खिशात ठेवला.

नाना जेवतात, झोपतात. येईल त्याला सांगतात, “त्यानं पंख हालवलं. म्या पाह्यलं. त्याला बी म्या दिसलो.” हे सांगताना त्यांचा चेहरा असा होतो की ऐकणारा खाली बघतो.

चौदाला दहावं आहे. तू ये असं म्हणायचा मला हक्क नाही.

हर्षाली


सायखेडा, १२ फेब्रुवारी

प्रिय स्वानंदी,

मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. आज बोलते. वाचून तू हे पत्र त्या अधिकाऱ्यांना दिलंस तरी माझी हरकत नाही.

त्या सकाळी मी बागेत होते. विमानाचा आवाज आला, मी वर पाहिलं. रोजच्यापेक्षा खाली होतं. घराच्या अंगाला आलं आणि त्याने पंख हलवले, आधी डावा मग उजवा, रेडकू मान हलवतं तसे. मी कात्री टाकून दोन्ही हात वर केले. तेवढ्यात आपल्या गच्चीवर माळ सुरू झाली.

शेडमधली माळ, मीनाच्या लग्नातली. नानांनी ती कुणालाही न सांगता वर नेऊन कठड्यावरून सोडली होती. धूर दिसतो असं तुझ्या नवऱ्याने लिहिलं होतं आणि ते मीच वाचून दाखवलं होतं, दोनदा. फटाक्याची बंदी उजेडासाठी आहे असं नानांना वाटलं. दिवसाढवळ्या कोण बघतंय. आणि पोरगं तीन वर्षांनी घरावर येतंय, तर त्याची राहिलेली माळ.

नदीवरून पाखरं उठली. ज्वारीतून उठली. दोन्हीकडून वर गेली आणि विमान त्यांच्यात शिरलं. आवाज बदलला, खरवडल्यासारखा झाला, मग आवाजच नव्हता. ते पुलाकडे वळताना मला दिसलं. नंतर उसातून काळा धूर आला. माळ वाजतच होती, स्वानंदी. दहा हजारांची माळ लवकर संपत नाही.

नाना धुरात उभे होते. त्यांनी पंख हललेले पाहिले, पाखरं पाहिली नाहीत. इंजिन बिघडलं एवढंच त्यांना माहीत आहे; अधिकारी आले तेव्हा त्यांच्या थोरल्याने, संतोषने, दोन्ही वेळा त्यांना बागेत नेलं होतं. गावाने मात्र पाहिलं. त्याच दुपारी, कुणी कुणाला न सांगता, सगळ्यांचं ठरलं. ज्या माणसाने ललितला ‘तू मला मेलास’ म्हटलं होतं, त्याला आता हे कोण सांगणार? हो, घाटावरून फोनवर ते हेच बोलले होते. तू ऐकलं होतंस.

मीही गप्प राहिले असते. जन्मभर राहिले असते. पण परवा नानांनी संतोषला सांगितलं, “ओझरच्या बाजारातनं माळा आन. दहावं झालं का रोज एक लावायची. त्याचे दोस्त आजून उडत्यात. त्यान्ला बी कळू दे, खाली कोनीतरी आपलं हाय.” संतोषने हो हो म्हणून वेळ मारून नेली. पण शेजारचा बहिरू, भोळा सांब, नानांची माया बघून काल स्वतःच खोकं घेऊन आला. शेडमध्ये त्याच खुंटीखाली आहे.

मी संतोषला म्हटलं, नानांना सांगायला हवं. तो म्हणाला, “म्हातारा जागेवर जाईल. खोकं म्या लपवतो.” लपवा की. उद्या नाना दुसरं आणतील, त्यांना कोण अडवणार? आणि विमानं आजही गेली. मी धुणं वाळत घालताना वर बघत होते. त्यातल्या प्रत्येकाला आई आहे, कुणीतरी तुझ्यासारखी आहे, फोनकडे बघत बसलेली. एका म्हाताऱ्याचं समाधान राखायला मी त्यांना खाली पाडू देऊ का?

तू सांगशील तसं करते, असं म्हणायला मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. लिहिता लिहिता कळलं की हे तुझ्यावर ढकलणं म्हणजे अंग काढून घेणं. तुझं जे जायचं ते गेलंय. उद्या मीच सांगते.

भीती वाटते. नानांची नाही, त्यांच्या चेहऱ्याची.

हर्षाली


सायखेडा, १५ फेब्रुवारी

प्रिय स्वानंदी,

सांगितलं.

शेडमध्ये ते खोक्यातल्या माळा उलगडून वात तपासत होते. मी समोर बसले आणि बोलायला लागले. पाखरांपर्यंत आले तेव्हा त्यांचे हात थांबले. मधे एकदाही त्यांनी मला अडवलं नाही. शेवटी विचारलं, “कोनाकोनाला ठावं हाय?”

मी म्हटलं, सगळ्यांना.

“म्हंजी म्या सोडून समद्या गावाला.”

मग म्हणाले, “ते पत्रक आन.” मी आणलं आणि बारीक अक्षरातलं वाचलं. त्यांनी नीट ऐकलं. “हे त्या दिशी का नाय वाचलंस?” वाचलं होतं नाना, मी म्हटलं, तुम्ही मांडवाकडे गेला होतात. ते मान हलवत राहिले. त्यांना राग आला असता तर मला सोसलं असतं.

उठले, खोकं उचललं, म्हशीच्या हौदापाशी नेलं आणि एकेक माळ पाण्यात दाबून धरली. बुडबुडे थांबेपर्यंत धरत होते. पाणी लाल झालं. मी म्हटलं, मी करते. “तू नगं हात लावू,” म्हणाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संतोष माझ्याशी बोलला नाही, अजून नीट बोलत नाही. त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

काल दहावं झालं. सगळं गाव घाटावर होतं. संतोषने पिंड ठेवले आणि सगळे मागे सरले. कावळे पलीकडच्या बाभळीवर होते, एकही खाली येईना. संतोष म्हणाला, “ललित, स्वानंदीला अंतर देनार नाय.” कावळा हलला नाही. लंकाआत्या त्याला म्हणाल्या, तुझा फोटो आईशेजारी लावू. बहिरूने काही म्हटलं, मीनाच्या नवऱ्याने काही म्हटलं. ऊन चढलं. गुरुजी दर्भ हातात घेऊन नानांकडे बघायला लागले, तीन वर्षांपूर्वी बघत होते तसेच. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, आईसारखंच झालं याचंही.

तेव्हा नाना उठले. पिंडांपुढे जाऊन पागोटं काढलं. मोठ्याने बोलले, घाटावर सगळ्यांना ऐकू जाईल असे.

“ललित, माळ म्या लावली. पाखरं माझ्या माळेनं उठली. तुमी कोनी लपवू नगा, सायबाला बलवा, म्या सांगतो त्यान्ला. तुला दिसावं म्हनून लावली रे. तीन वर्सांमागं ह्याच जागी म्या बोललो व्हतो, तू मला मेलास. ते बी म्याच. आता लढाई सरंस्तोवर ह्या गावात डबा वाजनार नाय. म्या राखनीला बसंन.”

बहिरू तेवढा हमसून रडत होता.

कावळा शिवला, असं आत्या सांगतात. मी पाहिलं नाही. मी नानांकडे बघत होते.

दुपारी ते अधिकारी आले. नानांनी त्यांना गच्चीवर नेऊन जागा दाखवली. त्यातल्या मोठ्याने सगळं लिहून घेतलं, पेन खिशाला लावलं आणि नानांच्या पाया पडला. नानांनी पाय मागे घेतले.

तुझ्यासाठी त्यांचा निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत देते. “तिला लिही, यायचं नसंल तर नगं येऊ. पन मला शिव्या द्यायच्या आसतील तर हितं यून दे, म्या दारातच बसलेलो आसंन.” मला वाटतं तू यावंस. शिव्या द्यायला ये, नाहीतर नुसती बसायला ये. मी मधे पडणार नाही.

आज पहाटेपासून नाना गच्चीवर आहेत. ज्वारी राखायला कुणाला जाऊ देत नाहीत. भोरड्या ताटं रिकामी करताहेत, द्राक्षांवरही बसायला लागल्यात. संतोष दातओठ खातो आणि गप्प बसतो. सकाळी विमानं परत आली तेव्हा मी चहा घेऊन वर गेले होते. एक खाली आलं, आपल्या घरावर आलं आणि त्याने पंख हलवले. ललितभाऊजींचा कुणी मित्र असावा. नदीवरची बदकं तशीच बसून होती, एक पाखरू हललं नाही.

नाना त्या विमानाकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

तुझी,
हर्षाली